अंतराचा रकाना

१

मागचं मोजायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. ताटात टाकायचं नाही, मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे नियमही होते. पण ते मोडले तर फक्त ओरडा बसायचा. या नियमाबद्दल नुसतं विचारलं तरी घर गप्प व्हायचं. सात वर्षांची असताना मी एकदा काकांना विचारलं होतं, मागचं का मोजायचं नाही. काका शाळामास्तर. वर्गात शंभर प्रश्नांची उत्तरं न थकता देणारा माणूस. ते म्हणाले, "हे विचारायचं नसतं," आणि पेपर तपासायला लागले.

नियम फुलपाखरांच्या मोजणीचा होता. आमच्या शहराच्या कडेला, लाकडाच्या वखारीपलीकडे, जंगलाचा एक तुकडा आहे. त्यातून दीड किलोमीटरची पायवाट जाते. काकांनी तरुणपणी ती आठ पट्ट्यांत विभागली आणि प्रत्येक पट्ट्याच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा पांढरा खुंट ठोकला. थंडी सरल्यापासून पानगळ संपेपर्यंत, आठवड्यातून एकदा, ऊन असताना, अकरा ते तीनच्या दरम्यान आमच्या घरातलं कुणीतरी एकटं ती वाट चालतं. आपल्याभोवती पाच मीटरची एक अदृश्य पेटी आहे असं समजायचं आणि त्या पेटीत दिसेल ते फुलपाखरू वहीत लिहायचं. समोरचं मोजायचं, बाजूचं मोजायचं, डोक्यावरचंही मोजायचं. मागचं नाही, आणि मागे वळायचंही नाही.

लहानपणी मला हे घरातलं एक खूळ वाटायचं. मग कॉलेजात दुसऱ्या वर्षी प्राध्यापिकाबाईंनी मोजणीची पद्धत शिकवली आणि फळ्यावर लिहिलं: मागे गेलेलं फुलपाखरू मोजू नये, कारण तेच दोनदा मोजलं जाण्याची शक्यता असते. जगभर असंच करतात म्हणे. मी भर वर्गात हसले. इतकं साधं कारण होतं, आणि आमच्या थोर मंडळींना ते सांगवलं नव्हतं.

नियमाला कारण सापडलं की आपण त्याची चौकशी बंद करतो. माझी चूक तिथे झाली.

पदवीचा निकाल लागला त्याच आठवड्यात बाबांचे गुडघे दुखायला लागले. नऊ वर्षं ते मोजणीला जात होते, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होते, आणि एका सोमवारी त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. आत्या म्हणाली, दोन वर्षं तू कर, मग धाकटी करेल. धाकटी म्हणजे माझी बहीण, तेव्हा तेराची. तिला आत्ताच वही हवी होती. मी म्हटलं, आधी भूमितीत पास हो. ती म्हणाली, फुलपाखरं काय त्रिकोणी असतात का. सगळे हसले. बाबा जरा जास्तच हसले.

२

आमचा फोटो स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर घर. बाबा फोटो काढतात. आत्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग काढते, पूर्वी ब्रशने, आता कॉम्प्युटरवर. आत्या लग्न होऊन गेली होती आणि सहा महिन्यांत परत आली. तेही विचारायचं नसतं. काका निवृत्त झाल्यापासून दुकानाच्या गल्ल्याशी बसून वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने सुधारतात. आई नाही. ती गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि धाकटी चार. मी शाळेच्या सहलीला गेले होते. परत आले तर सगळं उरकलेलं होतं. ताप आला होता, एवढंच सांगितलं. त्यानंतर धाकटीच्या वेण्या मी घालत आले आहे, तिचा अभ्यासही मीच घेते, आणि ती माझ्याशिवाय कुणाला भीत नाही.

मला मोजणीबरोबर स्वतःचं काहीतरी करायचं होतं. मी एकच फुलपाखरू निवडलं, तेही सगळ्यात साधं. त्याला आमच्या घरात कवडशी म्हणतात. तपकिरी पंख, त्यावर साय सांडल्यासारखे फिकट ठिपके, पुढच्या पंखाच्या टोकाशी एक काळा डोळा आणि डोळ्यात पांढरा टिंब. दाट झाडीतून जमिनीवर उन्हाचा कवडसा पडतो ना, तिचा नर त्या कवडशाचा मालक असतो. मधोमध बसून राहतो. दुसरा कुणी आत शिरला की झेप घेतो, आणि मग दोघं एकमेकांभोवती गिरक्या घेत वर वर जातात. बहुतेक वेळा आधीचाच मालक परत खाली येतो. ऋतूगणिक पिढी बदलते आणि ठिपक्यांचा आकार बदलतो. मला तो बदल वर्षभर फोटोंतून टिपायचा होता.

सगळ्यात चांगला कवडसा पाचव्या पट्ट्यात होता. तिथे वाट अशी वळते की दुपारचं ऊन बरोबर पाठीवर येतं. दर आठवड्याला मी खुंटापाशी उभी राहून आधी पूर्ण जागेचा एक फोटो घ्यायची, झाडांची पालवी किती वाढली ते कळावं म्हणून. मग पालथी पडून, कोपरांवर सरकत, सावली पंखावर पडू न देता कवडशीच्या जवळ जायची. तासभर तिथेच जायचा. कपड्यांना माती लागायची, कानात मुंग्या जायच्या, आणि मी अगदी सुखात असायची.

घरी आल्यावर फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर टाकायचे आणि वही बाबांकडे द्यायची. वहीत पाचव्या पट्ट्यापुढे एक जास्तीचा रकाना होता: अंतर. तो तू भरू नकोस, आम्ही फोटो बघून भरू, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्टुडिओवाले लोक, विषय कॅमेऱ्यापासून किती लांब आहे हे ते डोळ्यांनी सांगतात. पहिल्या आठवड्यात बाबांनी लिहिलं, तीन हात. काकांच्या काळापासून मापं हात, वीत आणि बोटांतच. पालवी फुटली तेव्हा अडीच हात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला दोन. मग दीड. भर उन्हाळ्यात, कवडशीची दुसरी पिढी उडायला लागली तेव्हा, एक हात.

मला वाटत होतं मी पटाईत होत चालले आहे. मैत्रिणींना सांगत होते, आता फुलपाखरं मला घाबरत नाहीत.

३

पानगळ सुरू झाल्यावरचा एक आठवडा. लख्ख ऊन, वारा नाही, पण आधीचे चार दिवस गारठा पडला होता. कवडसा मोठा झाला होता, कारण वरची पानं विरळ झाली होती. तो रिकामा होता. मी अर्धा तास थांबले. नेहमीप्रमाणे जागेचा फोटो घेतला, वहीत पाचव्या पट्ट्यापुढे शून्य लिहिलं आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी वही परत घेतली. शून्याच्या शेजारी बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं: एक वीत.

मी ते तीनदा वाचलं. कवडशी शून्य, अंतर एक वीत. कशापासून कशाचं?

बाबा दुकानात एका बाईंची हनुवटी बोटाने वर करत होते. बाई गेल्यावर मी विचारलं. ते म्हणाले, सवयीने लिहिलं गं, नऊ वर्षांची सवय. मी म्हटलं, मग खोडा. त्यांनी खिसे चाचपले, रबर शोधल्यासारखं केलं, आणि तेवढ्यात त्यांना आतल्या खोलीत काहीतरी काम आठवलं. खोडलं नाही. मी आत्याकडे गेले. तिने पडद्यावरून नजर न हलवता विचारलं, पदवी घेतली म्हणजे घरातल्यांची उलटतपासणी घ्यायची परवानगी मिळते का. कुठलं विद्यापीठ देतं ते सांग, म्हणाली, मीही नाव घालते.

काकांना विचारलंच नाही. त्यांचं उत्तर मला पाठ होतं.

४

फोटो माझेच होते. ते मी इतके महिने फक्त कवडशीसाठी बघत होते. उरलेल्या चौकटीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. त्या दुपारी दुकान जेवायला बंद असताना मी जागेचे सगळे फोटो ओळीने उघडले.

ऊन पाठीवर, म्हणजे माझी सावली चौकटीच्या खालच्या कडेतून आत येते. टोपी, खांदे, कॅमेरा धरलेली कोपरं. ती मी आहे. तिच्या डावीकडे, जरा मागे, आणखी एक सावली आहे. तिला टोपी नाही. डोकं आणि एक खांदा.

मी शास्त्राची विद्यार्थिनी आहे, ओरडले नाही. कागद घेतला आणि शक्यता लिहायला बसले. झाडाचं खोड: पण खोड हलत नाही, आणि सहा महिन्यांत सूर्य एवढा सरकला तरी ही सावली माझ्या डावीकडेच. पाठीवरची पिशवी: ती मी खुंटापाशी उतरवून ठेवते, फोटोत दिसते. भिंगातला दोष: मग घराच्या गच्चीवर काढलेल्या फोटोंतही दिसायला हवा. मी वर जाऊन, उन्हाकडे पाठ करून दहा फोटो काढले. माझी एकटीची सावली. मग पहिल्या आठवड्याचा फोटो घेऊन दोन सावल्यांच्या खांद्यांमधलं अंतर पडद्यावर मोजलं आणि माझ्या टोपीच्या मापाने गुणलं.

तीन हात आलं.

मधले फोटो मोजायची गरज नव्हती, तरी मोजले. अडीच, दोन, दीड, एक. शेवटचा, रिकाम्या कवडशाचा: एक वीत.

मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. संताप आला. दर आठवड्याला मी मातीत लोळून घरी यायची, आत्या चहा पुढे करायची, काका विचारायचे काय काय दिसलं आज, आणि बाबा पडद्याला फूटपट्टी लावून हे मोजायचे. आणि दुसऱ्या आठवड्यात मला टोपी आणि पाण्याची बाटली देऊन परत पाठवायचे.

पुढच्या आठवड्यात मी गेले. बघायचंच होतं मला. त्या दिवशी जरा ऊब होती आणि कवडशात एक नर बसला होता, पंखांच्या कडा फाटलेला, हंगामातला बहुधा शेवटचा. मी खुंटापाशी उभी राहिले. वाळलेली पानं माझ्या पायाखाली वाजायची थांबली. मग आणखी एकदा वाजली, अर्ध्या पावलापुरती.

कवडशी माझ्यावर कधीच झेपावत नाही. माणूस तिला झाडासारखा. पण त्या दिवशी तो नर उठला, सरळ माझ्या दिशेने आला, डाव्या कानाजवळून मागे गेला आणि तिथे, माझ्या खांद्यामागे, गिरक्या घ्यायला लागला. दुसऱ्या मालकाशी भांडताना घेतात तशा. पंखांची बारीक फडफड मला ऐकू येत होती. ती वर गेली नाही. खांद्याच्या उंचीलाच राहिली. मग एकदम थांबली.

तो परत कवडशात आला नाही. तो मागे गेला होता, म्हणून मी त्याला मोजलंही नाही. मागे वळून बघितलं नाही. बावीस वर्षांची, विज्ञानाची पदवीधर, कुणाच्या बापाला न भिणारी मुलगी. मान वळली नाही माझी. त्याची लाज मला अजून वाटते. एक फोटो घेतला आणि उरलेले तीन पट्टे चालले, पळाले नाही.

५

तो फोटो मी मुद्दाम छापला आणि बाबांपुढे ठेवला. म्हटलं, कसा आलाय सांगा. बाबांनी तो हातात घेतला, खिडकीशी नेला, "ऊन छान धरलंस," म्हणाले, आणि कागद कापायच्या पात्याखाली सरकवून खालची चार बोटं पट्टी कापून टाकली. इतक्या सहज, की पातं उचलायच्या आधी त्यांनी विचारही केला नसेल. सावल्या कापल्या गेल्या. उरला चौकोनी फोटो: कवडसा आणि पानं.

"कडेला डाग होता," ते म्हणाले.

चौकोनी फोटो मी कुठेतरी पाहिले होते. आमच्या दुकानात चौकोनी काही छापत नाहीत. पण आईच्या अल्बममध्ये कवडशीचे सगळे फोटो चौकोनी आहेत. फोटोग्राफरच्या घरात सून म्हणून आली आणि कॅमेरा शिकली, हे तिचं कौतुक मी लहानपणापासून ऐकत आले होते. मोजणीला तीही जायची, हेही माहीत होतं. फोटो चौकोनी का, हे कधी मनात आलं नव्हतं. ती माझ्या लहानपणीची फॅशन असेल असं मी धरून चालले होते.

फोटो कापता येतात, निगेटिव्ह कुणी कापत बसत नाही. आईची पाकिटं आत्याच्या खोलीतल्या खालच्या खणात होती. आत्या बाजारात गेली तशी मी ती काढली आणि टेबलाच्या दुधी काचेखालचा दिवा लावला.

निगेटिव्हमध्ये उन्हाचा कवडसा काळा दिसतो आणि सावली पांढरी. त्या काळ्या तुकड्यात दोन पांढऱ्या आकृत्या होत्या. एक आई. तिची वेणी मी ओळखली. ती पुढे घ्यायची. दुसरी तीच, माझ्या फोटोंतली, टोपी नसलेली. मी पट्ट्यांमागून पट्ट्या सरकवत गेले. सहा वर्षांची पालवी, सहा वर्षांची पानगळ, आणि दोन पांढऱ्या आकृत्यांमधली काळी फट कमी कमी होत गेलेली.

शेवटच्या पाकिटात एकच पट्टी होती. शेवटच्या चौकटीत फट नव्हती. आईचा खांदा पांढरा, आणि त्या पांढऱ्यावर, त्याहून पांढरी, बोटं.

किती ते मोजलं नाही. दिवा बंद केला आणि बराच वेळ त्या खोलीत, आत्याच्या खुर्चीत, भिंतीला पाठ लावून बसून राहिले.

६

जुन्या वह्या काकांच्या कपाटात, वर्षवार, पाठकोऱ्या कागदाची कव्हरं घालून ठेवलेल्या. मास्तरांचं काम. त्रेचाळीस वर्षांच्या. सगळ्यांत पाचव्या पट्ट्यापुढे तो रकाना.

काका पंधरा वर्षं चालले. तीन हातांपासून चार बोटांपर्यंत. चार बोटं लिहिलेल्या ओळीनंतर अक्षर बदलतं आणि पुन्हा तीन हात येतात: आत्या. तेरा वर्षं. चार बोटं. पुन्हा अक्षर बदलतं, पुन्हा तीन हात: आई. घरात बाबांसारखा धडधाकट धाकटा भाऊ असताना वही सुनेच्या हातात दिली होती. किती कौतुकाने दिली असेल. टोपी, पाण्याची बाटली.

आत्याच्या वर्षांत एके ठिकाणी तीन आठवडे ती आजारी होती. तिथे लिहिलं आहे: गेले नाही. त्याखाली, त्याच रकान्यात: स्वयंपाकघर, दोन वीत. पुढच्या आठवड्यात: जिना, दीड वीत. तिसऱ्या आठवड्यात ती तापातच मोजणीला गेलेली आहे.

आईची चार बोटं आली, ती मी तेरा वर्षांची होते त्या वर्षी. तिथे अक्षर बदलायला हवं होतं. बदललेलं नाही. पुढच्या आठवड्यात, आता रकान्यातही आईच्याच अक्षरात: तीन बोटं. मग दोन. मग, ज्या आठवड्यात मी सहलीला गेले होते त्या आठवड्यात: एक बोट.

त्यानंतर पान कोरं. उलटल्यावर बाबा. तीन हात. बाबा ती वाट कशी चालायचे ते मला आठवतं. पाचव्या पट्ट्यातून तर एसटी सुटल्यासारखे जायचे. म्हणून त्यांना नऊ वर्षं मिळाली. आई फोटो घ्यायला थांबायची, म्हणून सहा. मी तासभर तिथे पालथी पडायची. मला एक हंगाम.

मागचं मोजायचं नाही म्हणणाऱ्या माणसांनी त्रेचाळीस वर्षं दुसरं काही मोजलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी धाकटीला गच्चीवर नेलं आणि तिची वेणी सोडून परत घातली. घालता घालता एक गोष्ट सांगितली. सगळी.

७

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुकान बंद. दुपारचा चहा वरच्या खोलीत, मोठ्या टेबलाभोवती. धाकटीला मी मैत्रिणीकडे पाठवलं होतं. बाबांनी वही माझ्याकडे सरकवली. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं: चार बोटं.

काकांनी घसा साफ केला आणि बक्षीस समारंभात बोलतात तसं बोलायला लागले. माझं काम चांगलं झालं, नोंदी स्वच्छ आहेत, आपण दरवर्षी आकडे पाठवतो त्या निसर्ग मंडळाचं पत्रही येईल. हंगामाचे तीन आठवडे राहिलेत. ते धाकटी करेल.

"दोन वर्षं म्हणाला होतात," मी म्हटलं.

"लवकर झालं," बाबा म्हणाले. "तू थांबतेस ना तिथे."

"थांबू नको असं कुणी सांगितलं होतं मला?"

आत्या म्हणाली, प्रत्येक गोष्टीला फाटे फोडू नकोस. चालायचं म्हटलं की चालायचं, लोळायचं कुणी सांगितलं होतं.

मी उठले आणि काकांच्या कपाटातून आणलेली आईची वही टेबलावर उघडून ठेवली. कोऱ्या पानाच्या अलीकडची बाजू. बाबांनी ती बघितली आणि दोन्ही हातांनी कप धरला. इतका वेळ धरला की त्यात चहा उरला नव्हता हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी विचारलं, आईला माहीत होतं का.

"शेवटी कळलं तिला," आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा तिखट नव्हता. "आम्ही सांगितलं होतं, वही पुढे दे. मोठी तेरा वर्षांची आहे, चालता येतं तिला. ऐकली नाही."

मोठी म्हणजे मी. ते वाक्य त्या खोलीत, सपाट उन्हात, साखरेच्या डब्याशेजारी पडून राहिलं. नऊ वर्षं ही माणसं माझ्याबरोबर जेवत होती.

"घरात बाबा होते ना," मी म्हटलं.

बाबा टेबलाकडे बघत म्हणाले, "मला भीती वाटत होती गं."

त्यांचा राग मला सगळ्यात कमी आला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

काका अजून मास्तरच होते. त्यांनी समजावलं, अगदी शांतपणे, जणू मी एखादं गणित चुकवलं होतं. न जाऊन चालत नाही, ते मी वाचलंच असेल. आणि ज्याला माहीत नसतं त्याला खूप वर्षं मिळतात. त्यांना स्वतःला पंधरा मिळाली. धाकटीला वीसही मिळतील, पोरगी चटचट चालते. तोवर कुणीतरी येईल पुढचं. तिला फक्त नियम सांगायचा, कारण सांगायचं नाही. "नियम त्यासाठीच आहे," ते म्हणाले. "तुझ्या भल्यासाठीच बोलतोय आम्ही. आज वही दिलीस तर तू सुटलीस."

आणि हे खरं होतं. म्हणून तर ते इतकं किळसवाणं होतं. तिघंही माझ्याकडे मायेने बघत होते. मला वाचवायला बसले होते ते. फक्त किंमत म्हणून बाहेर कुठेतरी एक तेरा वर्षांची मुलगी मैत्रिणीकडे सायकल चालवत होती.

"नाही," मी म्हटलं.

आत्या म्हणाली, हट्ट करू नकोस.

"हट्ट नाही. धाकटी जाणार नाही. काल मी तिला सगळं सांगितलंय. निगेटिव्ह दाखवली नाही, पण वह्या दाखवल्या. आता तिला माहीत आहे, म्हणजे ती तुमच्या कामाची राहिली नाही. तिच्याकडे वही दिलीत तरी ती घेणार नाही, आणि तिच्यानंतर या घरात जो कुणी येईल त्याला ती पहिल्याच दिवशी सांगेल. कबूल केलंय तिने." माझा आवाज चढला नव्हता याचं मला आश्चर्य वाटलं. "वही माझ्याकडे राहील. उरलेले तीन आठवडे मी जाईन. आणि तो रकाना यापुढे तुमच्यापैकी कुणी भरायचा नाही. मी भरेन."

मी आईची ओळ बोटाने दाखवली.

"एवढंच सांगा. एका बोटानंतर काय लिहायचं?"

मी खिडकीकडे पाठ करून उभी होते. ऊन माझ्या मागून येत होतं आणि टेबलभर पसरलं होतं; वह्यांवर, कपांवर, तिघांच्या हातांवर. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते, टेबलावर पडलेल्या माझ्या सावलीकडे नाही. ते तिघं टेबलाकडे बघत होते. बाबांनी हळूच आपला हात उन्हातून काढून मांडीवर घेतला. मग आत्याने घेतला. मग काकांनी.

मी पेनचं टोपण काढलं आणि थांबून राहिले.